चौरंगावर ठेवलेलं पुस्तक

कुणी मोठ्या आग्रहानं एखादं पुस्तक वाचायला सांगितलं की मी धास्तावते. सांगणारा माणूस चांगला असतो, पुस्तकही बहुतेक चांगलंच असतं. पण सांगणारा सांगून मोकळा होतो आणि पुढचं सगळं वाचणाऱ्याला नाहीतर ऐकणाऱ्याला निस्तरावं लागतं. माझ्या सासूबाईंनी एका पुस्तकापायी गूळ सोडला. ते पुस्तक मी त्यांना वाचून दाखवलं होतं. मी काही चुकले असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही, कारण जे छापलं होतं तेच मी वाचलं. राग मात्र अजून गेलेला नाही.

पुस्तक अण्णानं दिलं होतं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, बेळगावात शाळामास्तर. वडील लवकर गेले, म्हणून त्यानंच मला वाढवलं, खासबागेतल्या आमच्या लहानशा घरात समोर बसवून सातवीपर्यंत शिकवलं आणि मग निपाणीला दिलं. सासर आमच्यासारखंच जैनाचं. थोडी कोरडवाहू जमीन, सासरे नाहीत, यजमान पोती शिवायच्या कामावर आणि सासूबाई तंबाखूच्या वखारीत. घरात माणसं थोडी आणि तोंडाळ कुणी नाही, एवढं पाहून अण्णानं लग्न ठरवलं. ते खरंच होतं. सासूबाई इतक्या कमी बोलायच्या की पहिले काही महिने मला वाटायचं, मी त्यांना पसंतच नाही.

अण्णाला एक खोड होती. वैद्य भेटेल त्याला काढा सांगतो, तसा तो भेटेल त्याला पुस्तकं सांगायचा. मोटारीनं निपाणीला आला की त्याच्या पिशवीत माझ्यासाठी लुगडं कधी नसे, पुस्तक मात्र हमखास. त्या वर्षी त्यानं तीन आणली. एक नागरिक कुणाला म्हणावं याबद्दल, दुसरं माणसाच्या हक्कांबद्दल आणि तिसरं मजुरी आणि नफा यांबद्दल.

"एवढी तीन वाच. निदान पहिलं तरी. या काळात प्रत्येक माणसानं हे वाचलंच पाहिजे," तो म्हणाला.

"माणसानं ना? मग मला कशाला देतोस?" मी विचारलं.

तो हसला नाही. असल्या बाबतीत त्याला थट्टा चालत नसे.

सासरी मला जो काही मान होता तो माझ्या वाचण्यामुळेच. गल्लीतल्या बायकांत धड वाचता येणारी मी एकटी. अमावास्येला वखार बंद असायची. त्या दुपारी बायका आमच्या सोप्यात जमायच्या आणि मी पुराण वाचायची. आधी हातपाय धुवायचे, णमोकार मंत्र म्हणायचा आणि मग चौरंगावर ठेवलेल्या पोथीचं फडकं सोडायचं. वाचून झालं की प्रत्येकीनं काहीतरी नेम घ्यायचा, ही आमच्यातली जुनी रीत. पोथी ऐकली आणि लुगडं झटकून उठून गेलं, असं चालत नाही. कुणी चातुर्मासभर वांगं सोडायची, कुणी दिवसातून एकदाच जेवायचं ठरवायची. ज्यांच्या घरात वर्षातून एकदा तूप येई त्याही तूप सोडायच्या, आणि मी मनातल्या मनात हसायची. पण एकदा घेतलेला नेम त्या मोडत नसत, हे मी पाहिलेलं होतं.

एका अमावास्येला आमची पोथी देवळात मागून नेलेली होती. बायका तर येऊन बसलेल्या. मी म्हटलं, आज राहू दे. सासूबाई कोनाड्याकडं बघत म्हणाल्या, "तुझ्या भावानं आणल्यात ती हाईत की. चांगलंच असंल ते. वाच."

मी सांगून पाहिलं, की आत्याबाई, ती धर्माची पुस्तकं नाहीत. त्या म्हणाल्या, "चांगलं हाय न्हवं? मग झालं." त्यांनीच ते पहिलं पुस्तक उचलून चौरंगावर ठेवलं, पोथीच्या फडक्यावर. बायकांनी हात जोडले. मला हसूही येत होतं आणि अवघडल्यासारखंही झालं होतं. मग मी वाचायला लागले.

सुरुवातीचं त्यांना काही कळलं नसावं. राज्य, कायदा, कर असलं बरंच होतं. एकदोघी पेंगल्या. पुढं असं आलं, की नागरिकाच्या अंगाला त्याच्या मर्जीविरुद्ध हात लावायचा अधिकार कुणालाही नाही, राजालाही नाही. भाकरीसाठी राबणाऱ्यालाही ‘नाही’ म्हणायचा तितकाच हक्क आहे, जितका राबवून घेणाऱ्याला आहे. मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मागलं परत वाच."

मी परत वाचलं. कोपऱ्यातून एकीनं विचारलं, "बाईमाणसाला बी?"

मी पान उलटून पाहिलं. बायकांचं वेगळं काही लिहिलेलं नव्हतं. तसं मी सांगितलं.

"मंजी बाईमाणसाला बी," सासूबाई म्हणाल्या. पेंगणाऱ्याही सावरून बसल्या. या एका वाक्यात एवढं काय आहे, ते मला कळेना.

ते त्याच दुपारी त्यांच्याच तोंडून कळलं. वखार सुटताना दारात मुकादम उभा असे. तंबाखूचा पाला कुणी लपवून नेते की काय, म्हणून तो प्रत्येक बाईची झडती घ्यायचा. पदर झाडायला लावायचा, ओटी चाचपायचा, कासोट्यालाही हात घालायचा. तरुण असेल तर जास्त वेळ. हे रोजचं होतं आणि कैक वर्षांचं होतं. घरात झडती हा शब्द कधी निघाला नव्हता. सासूबाई वखारीतून आल्या की आधी न्हाणीत जाऊन कितीतरी वेळ पाणी ओतून घ्यायच्या. मला वाटायचं, तंबाखूचा खकाणा, ती बारीक तिखट धूळ, अंगाला चिकटत असेल.

वाचन थांबलं तसं सासूबाईंनी विचारलं, "आता नेम काय घ्यायचा?"

"आत्याबाई, ही पोथी न्हाय. याच्यावर नेम नसतो."

"ऐकलं आणि कायबी सोडलं न्हाय, तर मग ऐकलं कशाला?" असं म्हणून त्यांनी पुस्तकापुढं हात जोडले. वखारीच्या दारात बाईच्या अंगाला हात लावायचा बंद होईस्तोवर गूळ, साखर, गोड म्हणून जे जे असेल ते सगळं वर्ज्य. त्यांच्यामागून बाकीच्यांनीही हात जोडले. मीही जोडायला गेले, तर त्यांनी माझा हात खाली ओढला. माझ्या पोटात तेव्हा माझी लेक होती. "तू न्हाय. तुला बाळंतपणात लाडू लागतील," त्या म्हणाल्या.

त्यांना गोड फार आवडायचं. सगळ्या घराला ते ठाऊक होतं. भाकरीवर गुळाचा खडा हे त्यांचं वखारीतलं जेवण. चहा तर गुळाचाच, आणि तोही दाट. सोडायला वांगं होतं, तूप होतं, त्यांनी बरोबर जे आवडीचं तेच निवडलं. तेव्हा मला वाटलं, दोनचार महिन्यांचा प्रश्न आहे.

नेमाची गोष्ट गावात पसरली. वखारीचे मालक आमच्याच देवळात येणारे, मोठे धार्मिक. बायकांनी कशापायी गूळ सोडलाय, हे त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं. आम्ही सगळ्या आशेनं होतो. एका सकाळी देवळाच्या पायरीवर ते सासूबाईंसमोर थांबले. "नेम घेतलासा म्हणं. चांगलं केलंसा. अशीच बुद्धी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि नमस्कार करून आत गेले. मी शेजारीच उभी होते. त्या माणसाला नेम दिसला, नेमाचं कारण दिसलं नाही. की दिसलं आणि त्यानं पुण्य म्हणून ते आमच्याच गळ्यात परत घातलं, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

अण्णा पुढच्या खेपेला आला तेव्हा हे ऐकून कपाळाला हात लावून बसला. "अगं, गूळ सोडा असं कुठं लिहिलंय त्यात? संघ काढा, अर्ज करा, एक होऊन नाही म्हणा असं लिहिलंय. आपलंच तोंड कडू करून घेऊन कुणाचा हक्क मिळतो का?"

सासूबाईंनी त्याच्यापुढं चहा ठेवला, गुळाचा. "मास्तर, सोडायचं तेवढं येतं आमाला. मिळवायचं कसं ते तुमी सांगा," त्या म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. अण्णानंही खरंच सांगितलं. सुट्टीत तो दोनदा येऊन सोप्यात बायकांपुढं बसला, तिन्ही पुस्तकं घेऊन. मजुरी आणि नफ्याच्या पुस्तकातलं त्यानं इतकं सोपं करून सांगितलं की वखारीत जाणारी प्रत्येक बाई मान डोलावत होती. शेवटी ठरलं, की एका संध्याकाळी झडती द्यायचीच नाही. सगळ्याजणींनी दाराच्या आत बसून राहायचं. सगळ्या एकदम बसल्या तर मुकादम काय करणार?

मुकादमाला काही करावंच लागलं नाही. त्यानं दाराला कुलूप घातलं आणि बाकावर बसून राहिला. दिवस मावळल्यावर आमच्यात पाण्याशिवाय काही घेत नाहीत, हे त्याला चांगलं माहीत होतं. घरी पोरं उपाशी, कुणाचं तान्हं रडतंय, चुली थंड. ऊन उतरायला लागलं तशी एक उठली, मग दुसरी. उरलेल्याही एकमेकींकडं न बघता रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. सासूबाई सगळ्यात शेवटी बाहेर आल्या, तेव्हा अंधार पडला होता. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सगळ्यात पुढं बसलेल्या बायकांना सबंध पावसाळाभर काम मिळालं नाही. सासूबाईंनी तेवढे दिवस दुसऱ्यांच्या रानात तण काढायची भांगलण केली आणि मग पुन्हा त्याच दारानं आत गेल्या, कारण दुसरं दार नव्हतं.

त्यानंतर अण्णा महिनोन्‌महिने आला नाही. आला तेव्हा पिशवीत माझ्या लेकीसाठी झबलं होतं. पुस्तक नव्हतं. मला त्याची दया यायला हवी होती, पण मला चीड आली. आणि सासूबाईंचीही चीड यायची, हे खोटं कशाला सांगू? त्यांच्या नेमानं मुकादमाचा हात एक दिवसही थांबला नाही. थांबला तो त्यांचाच हात, गुळाच्या डब्याकडं जाणारा.

माझं बाळंतपण त्यांनीच केलं. डिंकाचे लाडू वळताना पाक साधलाय की नाही हे त्या नुसत्या बोटाला चिकटवून बघायच्या, आणि मग ते बोट धुवायच्या. होळीला पुरण शिजवायच्या, वेलदोडा घालायच्या आणि वाटीत काढून माझ्यापुढं धरायच्या. "बघ गं, गोड झालंय का?" मी चाखून सांगायची. मग आम्ही सगळे पुरणपोळी खायचो आणि त्या आमटीभाकरी. पहिल्या वर्षी मी माझी पोळी अर्धी ठेवून उठले. नंतर सबंध खायला लागले. माणूस कशालाही सरावतो, ही काही चांगली गोष्ट नाही.

पुढं जवळच्या गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मासातला मुक्काम होता. नेम घेतलेल्या बायका तिकडं गेल्या. अजाणतेपणी घेतलेला नेम प्रायश्चित्त घेऊन सोडवता येतो, असं तिथं सांगण्यात आलं. एकेकीनं सोडवून घेतला. मी त्यांना नावं ठेवत नाही. लेकीबाळींची लग्नं होती, सण होते. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तुमीबी सोडवून घ्या."

"अजानता कुठं घेतलाय मी?" त्या म्हणाल्या. "तू दोनदा वाचलंवतंस की."

मी ते पुस्तक कोनाड्यातून काढून ट्रंकेच्या तळाशी टाकलं. रोज समोर नको, एवढंच.

अशी वर्षं गेली. लढाई आली आणि संपली, साखर मिळेनाशी झाली, रॉकेलला रांगा लागल्या. गल्लीतली एक बाई एकदा म्हणाली, की तुझ्या सासूचं बरं हाय बाई, तिला साखरंची काळजीच न्हाय. मी तिच्याशी नंतर कितीतरी दिवस बोलले नाही. सासूबाईंचे केस पिकले, खकाण्यानं खोकला जडला. दारात मुकादम बदलला, नवा तरुण आला. झडती तीच राहिली.

मग स्वातंत्र्याचा दिवस उजाडला. सकाळी वखारीच्या दारात झेंडा लावला होता. आम्ही सगळे बघायला गेलो होतो, माझी लेकही नवं परकर-पोलकं घालून आली होती. मालक खादी घालून उभे होते. ते म्हणाले, "आजपासून आपण सगळे या देशाचे नागरिक झालो." तो शब्द ऐकला आणि सासूबाईंनी गर्दीतून वळून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत तो शब्द आमच्या घरात परत कुणी उच्चारला नव्हता. पण त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडावर मी जे पाहिलं ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आनंद म्हणावा तर तोही भीत भीतच.

सगळ्यांना पेढा वाटला. दोन दिवसांच्या झडीनं पाला ओलसर झाला होता, तो हलवला नाही तर कुजेल, म्हणून बायकांना कामाला आत जायचं होतं. सासूबाईंनी आपला पेढा कागदात गुंडाळून ओटीला लावला आणि माझ्या कानाशी आल्या.

"सांच्याला ये. आज कोण हात लावणार न्हाय. दारातनं भाईर आले की तितंच खाईन, दिवस मावळायच्या आत. तू बघायला पायजेस."

मी दिवसभर घरात कशाला हात लावला ते मला आठवत नाही. ट्रंक उघडून ते पुस्तक मात्र काढलं. कडांना कसर लागली होती, ते पान शाबूत होतं. माझा विश्वास बसायला लागला होता. अण्णाचं म्हणणं उशिरा का होईना खरं होणार, असं वाटलं. त्याला पत्र लिहायचं असंही ठरवलं.

संध्याकाळी लवकर जाऊन मी दारासमोर उभी राहिले. पाऊस भुरभुरत होता, झेंडा भिजून काठीला चिकटला होता. दिवस मावळायला अजून थोडा अवकाश होता. दार उघडलं. नवा मुकादम छातीला तिरंगी कागदाचं फूल लावून उभा होता. पहिली बाई बाहेर आली. तिनं सवयीनंच पदर झाडला, आणि त्यानं सवयीनंच ओटी चाचपली. दुसरी आली. तिसरी आली. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

सासूबाई रांगेत होत्या. पुढं काय चाललंय ते त्यांना दिसत होतं. त्या मागं वळल्या नाहीत. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर झाडला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. मुकादमानं ओटीला हात घातला आणि कागदाची पुडी बाहेर काढली.

"हे काय गं म्हातारे?"

"सकाळचा पेढा हाय."

"सगळ्यांनी सकाळीच खाल्ले की. तुझाच कसा उरला? दोन उचललास व्हय?"

मागच्या बायका हसल्या. त्याच्या बोलण्यात काही दुष्टपणा नव्हता, तोही हसत होता. त्यानं पुडी उघडली, पेढा बोटांनी दाबून बघितला, आत पाला नाही ना म्हणून, आणि परत त्यांच्या हातावर ठेवला. "घे, खा. आज काय म्हनत न्हाय तुला," तो म्हणाला.

त्या रस्ता ओलांडून माझ्याजवळ आल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघू शकले नाही, हातांकडं बघत राहिले. तंबाखूनं काळी पडलेली बोटं आणि मधे तो चुरगळलेला पेढा. आभाळाकडं एकदा बघून त्या म्हणाल्या, "दिवस हाय अजून. तू खा."

मी नको म्हणून मान हलवली. त्यांनी पेढा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली. मग मी तो तोंडात घातला. खकाणा लागून तो कडूजहर झाला होता.

त्या पुरणाची वाटी पुढं धरून बघत तशाच माझ्याकडं बघत होत्या.

"गोड हाय का गं?"

"हाय," मी म्हटलं. "लई गोड हाय."